भाडेकरूचा सहायक प्राणी आणि विमा कंपनीची कुत्र्यांची जातयादी: अमेरिकेत घर भाड्याने देणाऱ्यांसाठी

शनिवारी रात्री साडेदहाला मेसेज आला. भाडेकरू मुलगी नऊ महिने वेळेवर भाडं देणारी, सिंकखालची गळती स्वतःच टेप गुंडाळून थांबवणारी. मजकूर दोन ओळींचा होता: थेरपिस्टने इमोशनल सपोर्ट ॲनिमल सुचवलंय, शेल्टरमधून कुत्रा आणते आहे, पत्र जोडलंय. खाली फोटो. रुंद डोकं, आखूड केस, छातीवर पांढरा पट्टा. आमच्या लीजमध्ये ठळक अक्षरांत ‘नो पेट्स’ लिहिलेलं. मी अर्ध्या मिनिटात उत्तर ठोकलं: “सॉरी, नो पेट्स. शिवाय आमच्या इन्शुरन्सला पिटबुल चालत नाही.”

एवढ्याशा मजकुरात तीन चुका होत्या. कायद्याच्या नजरेत जो पेट नाही त्याला मी पेट म्हटलं. काहीही न विचारता नकार दिला. आणि विमा पॉलिसीचं पान न उघडताच विम्याचं नाव पुढे केलं. सकाळी एका वकील मित्राला फोन केला, तर तो म्हणाला, “आधी तो मेसेज डिलीट करू नकोस. आणि मी सांगेपर्यंत दुसरं काही टाइप करू नकोस.”

न्यू जर्सी, टेक्सस, बे एरिया, कुठेही बघा. मोठ्या घरात जाताना पहिलं टाउनहाउस न विकता भाड्याने देणारे आपल्यातले बरेच जण आहेत. आपण स्वतःला घरमालक समजतो, कायदा आपल्याला ‘हाउसिंग प्रोव्हायडर’ समजतो. पुढचं सगळं त्यांच्यासाठी. प्रकरण चिघळलं तर वकील लागेलच, पण बहुतेक प्रकरणं चिघळतात ती पहिल्या दोन दिवसांत.

आधी शब्द

अमेरिकेत तीन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. पेट म्हणजे हौसेने पाळलेला प्राणी. त्याला नाही म्हणायला तुम्ही मोकळे आहात. सर्व्हिस ॲनिमल म्हणजे अपंगत्वाशी संबंधित ठरावीक काम शिकवलेला कुत्रा: अंधाला वाट दाखवणारा, फिट येण्याआधी सावध करणारा. ही व्याख्या एडीए या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यातली. दुकानं, हॉटेलं, घरं भाड्याने देण्याचं तुमचं ऑफिस असेल तर तेही, या ठिकाणी ती चालते. तिसरा प्रकार इमोशनल सपोर्ट ॲनिमलचा (थोडक्यात ईएसए). त्याला प्रशिक्षण लागत नाही; त्याच्या असण्यानेच मानसिक आजाराचा त्रास कमी होतो, हेच त्याचं काम.

घराच्या बाबतीत लागू होतो तो फेअर हाउसिंग ॲक्ट. कायदा १९६८ चा, अपंगत्वाचा समावेश १९८८ च्या दुरुस्तीने झाला. अपंग माणसाला घराचा सारखा उपभोग घेता यावा म्हणून नियमांत वाजवी सवलत द्यायला नकार देणं, हा त्यानुसार भेदभाव. ‘नो पेट्स’ हा तुमचा नियम आणि सहायक प्राणी ठेवू देणं ही त्यातली सवलत. सर्व्हिस ॲनिमल आणि इमोशनल सपोर्ट ॲनिमल, दोन्ही या सवलतीत येतात.

अंमलबजावणी करणारं खातं म्हणजे एचयूडी, अमेरिकेचं गृहनिर्माण खातं. इथली माणसं त्याला ‘हड’ म्हणतात. आपल्याकडे कुत्र्याला हाकलायला हाच आवाज काढतात, हा निव्वळ योगायोग. हडने जानेवारी २०२० मध्ये या विषयावर सविस्तर मार्गदर्शिका काढली होती, २०२५ मध्ये ती मागे घेतली. ते वाचून काही घरमालकांना वाटलं, सुटलो. तसं नाही. संसदेने केलेला कायदा जागच्या जागी आहे, न्यायालयांचे निकाल आहेत, आणि राज्यांचे कायदे बऱ्याचदा जास्त कडक आहेत. त्या मार्गदर्शिकेतली कार्यपद्धती अजूनही सगळ्यात सुरक्षित आहे. खाली मी तीच धरून चाललोय.

तुमच्या घराला कायदा लागू आहे का

कायद्यातून सूट दोन परिस्थितींत मिळते. चार किंवा कमी घरांच्या इमारतीत मालक स्वतः राहत असेल तर. आणि तीनपेक्षा जास्त स्वतंत्र घरं नसलेला मालक ब्रोकरशिवाय भाड्याने देत असेल तर. पण या पळवाटेवर विसंबू नका. राज्याचा कायदा तिला अरुंद करतो: न्यू जर्सीत मालक राहत असलेल्या दोन घरांच्या इमारतीपर्यंतच ती पोचते. शिवाय भेदभाव करणारी जाहिरात किंवा विधान अशी सूट असलेल्या मालकालाही माफ नाही. जाहिरातीत ‘नो पेट्स’ चालेल, ‘नो ईएसए’ चालणार नाही.

पहिले दोन दिवस

विनंती तोंडी असू शकते, मेसेजवर असू शकते, लीज सुरू असताना किंवा कुत्रा घरात आल्यानंतरही येऊ शकते. ‘रीझनेबल अकोमोडेशन’ हे शब्द त्यात असलेच पाहिजेत असं नाही. तारीख, वेळ आणि माध्यम टिपून ठेवा आणि त्याच दिवशी पोच द्या. माझा दुसरा मेसेज, वकील मित्राने तपासलेला, असा होता: “तुमची विनंती मिळाली. काल घाईत दिलेलं उत्तर मी मागे घेतो. पत्र वाचून दहा दिवसांच्या आत लेखी कळवतो. तोवर काही विचारायचं असेल तर मी मेल करीन.”

दहा दिवसांचा आकडा २०२० च्या मार्गदर्शिकेतला. गप्प बसून राहणं हाही नकारच मानला जाऊ शकतो, म्हणून तो पाळावा.

शेजाऱ्याला, प्रॉपर्टी मॅनेजरच्या व्हॉट्सॲप ग्रुपला, मराठी मंडळाच्या मित्राला भाडेकरूचं नाव घेऊन हे सांगू नका. तिचा आजार ही तिची खाजगी गोष्ट आहे.

काय विचारता येतं

अपंगत्व उघड दिसत असेल आणि प्राण्याची गरजही स्पष्ट असेल, म्हणजे पांढरी काठी आणि हार्नेस लावलेला कुत्रा, तर काहीच विचारायचं नाही. सर्व्हिस डॉगबद्दल शंका असेल तर दोनच प्रश्न: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि कोणतं काम त्याला शिकवलंय. ‘करून दाखव’ म्हणायचं नाही.

इमोशनल सपोर्ट ॲनिमलसाठी, अपंगत्व दिसत नसेल तर, विश्वासार्ह कागद मागता येतो. त्यातून दोन गोष्टी कळायला हव्यात: रोजच्या जगण्यावर मोठा परिणाम करणारं अपंगत्व या व्यक्तीला आहे, आणि या प्राण्याची त्यासाठी गरज आहे. आजाराचं नाव, औषधं, फाइल, डॉक्टरशी फोनवर चौकशी, नोटरीचा शिक्का, तुमचाच छापील फॉर्म भरण्याची सक्ती, यातलं काही मागू नका.

माझ्या भाडेकरूचं पत्र साधं होतं. लेटरहेड, परवानाधारक क्लिनिकल सोशल वर्करची सही, परवाना क्रमांक, राज्य, आणि चार वाक्यं. परवाना राज्याच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत तपासता येतो. तेवढं मी केलं आणि थांबलो.

याउलट एका मित्राला आलेला कागद: सोनेरी शिक्का, ‘नॅशनल रजिस्ट्रेशन’ क्रमांक, कुत्र्याचा फोटो असलेलं ओळखपत्र. अशी कोणतीही सरकारी नोंदणी अमेरिकेत अस्तित्वातच नाही. क्रेडिट कार्ड दिलं की दहा मिनिटांत निघणारा असा कागद एकट्याने पुरेसा नसतो. पण ऑनलाइन म्हणजे खोटं, असंही नाही. व्हिडिओवर खरे उपचार करणाऱ्या परवानाधारकाचं पत्र चालतं. कॅलिफोर्नियात २०२२ पासून इमोशनल सपोर्ट डॉगचं पत्र देण्याआधी उपचारकाशी किमान तीस दिवसांचं नातं असावं लागतं. फ्लोरिडात खोटा कागद देणं २०२० पासून गुन्हा आहे. आपल्या राज्याचा नियम वाचा. कागद तोकडा वाटला तर फेटाळू नका. “यात अमुक गोष्ट स्पष्ट होत नाही, तेवढी कळवा” असं लिहा.

कुत्रा, मांजर, ससा, छोटा पक्षी, मासा, कासव हे घरगुती प्राणी. माकड किंवा अजगराची गोष्ट वेगळी. तिथे ‘हाच प्राणी का’ हे पटवून देण्याची जबाबदारी भाडेकरूवर जास्त.

आता विमा

इथेच सगळे अडखळतात, कारण इथे भीती खरी असते. इन्शुरन्स इन्फर्मेशन इन्स्टिट्यूटच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये अमेरिकेत कुत्रा चावण्याचे आणि कुत्र्यामुळे झालेल्या दुखापतींचे १९,०६२ दावे विमा कंपन्यांकडे आले, एकूण १.१२ अब्ज डॉलर, सरासरी दावा ५८,५४५ डॉलर. म्हणून कंपन्या जातींची यादी ठेवतात. पिटबुल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जाती, रॉटवायलर, डॉबरमन, अकिता, चाउ चाउ, लांडग्याचा संकर हे नेहमीचे. काहींच्या यादीत जर्मन शेफर्ड आणि हस्कीसुद्धा.

सहायक प्राण्याला जात, आकार, वजन यांच्या अटी लावता येत नाहीत, ही हडची जुनी भूमिका. मग घरमालक कात्रीत सापडतो: एकीकडे कायदा, दुसरीकडे पॉलिसी. हडने जून २००६ मध्ये आपल्या तपासनिसांना पाठवलेलं एक टिपण याच पेचावर आहे. त्यातला मुद्दा असा: त्या जातीच्या कुत्र्यामुळे विमा कंपनी पॉलिसी रद्द करणार असेल, हप्ता बराच वाढवणार असेल किंवा अटी प्रतिकूल करणार असेल, तर ती सवलत घरमालकावर अवाजवी बोजा ठरू शकते. पण तपासनिसाने हे थेट विमा कंपनीकडून पडताळून घ्यायचं, आणि तसा निर्बंध नसलेला, तोडीचा विमा बाजारात मिळतो का तेही पाहायचं. कंपनी सहायक प्राण्यांसाठी अपवादच करत नसेल तर प्रकरण न्याय खात्याकडे पाठवण्याची मुभाही त्यात आहे.

म्हणजे ‘एजंट म्हणाला’ हे उत्तर नाही. हे टिपण वाचून मी काय केलं ते क्रमाने सांगतो.

पॉलिसी उघडली. डेक्लरेशन पानावर, म्हणजे सुरुवातीच्या गोषवाऱ्यात, काही नव्हतं. मागच्या बाजूला जोडलेल्या एका एन्डॉर्समेंटमध्ये, म्हणजे मूळ अटी बदलणाऱ्या पुरवणीत, नऊ जातींची यादी आणि शेवटी ‘किंवा यांपैकी कोणाचंही मिश्रण’. इथे नीट बघा, कारण बंधनं चार तऱ्हेची असतात आणि त्यांचे परिणाम वेगळे. त्या जातीने केलेली इजा फक्त भरपाईतून वगळलेली असते. किंवा प्राण्यांसाठी वेगळी, खूप छोटी मर्यादा असते. किंवा जादा हप्ता. किंवा पॉलिसी मिळतच नाही, असलेली नूतनीकरणाला बंद. नुसतं वगळलेलं असेल तर तुमचा विमा जात नाही, तेवढ्या एका जोखमीपुरता तुम्ही उघडे पडता. त्यावरून नकार द्यायचा असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय देऊ नका.

मग एजंटला मेल. फोन नाही, मेल. चार प्रश्न:

१. भाडेकरूकडे अमुक जातीचा कुत्रा आल्यास या पॉलिसीचं नेमकं काय होईल, आणि कोणत्या कलमानुसार?
२. फेअर हाउसिंग कायद्याखालच्या सहायक प्राण्यासाठी कंपनी अपवाद करते का? नसेल तर तसं लेखी द्या.
३. हप्ता वाढणार असेल तर नक्की किती?
४. माझ्या राज्यात जातीवरून विमा नाकारायला बंदी आहे का, आणि असल्यास ती घरमालकाच्या पॉलिसीला लागू आहे का?

चौथा प्रश्न महत्त्वाचा. न्यूयॉर्क आणि नेवाडा या राज्यांनी २०२१ मध्ये जातीवरून विमा नाकारण्याविरुद्ध कायदे केले. पण अशा कायद्यातली ‘होमओनर’ पॉलिसी तुमच्या भाड्याच्या घराच्या पॉलिसीला सामावून घेते की नाही, हे राज्यागणिक बदलतं.

कुत्र्याची जात सांगताना शेल्टरच्या कागदावर जे आहे तेच लिहा. शेल्टरमध्ये जात बऱ्याचदा नुसती बघून लिहितात, आणि ‘पिटबुल’ ही एक जात नसून तीन-चार जातींना आणि त्यांच्या संकरांना मिळून दिलेलं नाव आहे. पण आपल्या मनाने ‘लॅब मिक्स’ करू नका. माहिती दडवली तर उद्या छत उडाल्याचा दावाही कंपनी फेटाळू शकते.

अंडररायटरचं, म्हणजे कंपनीत जोखीम तोलून विमा द्यायचा की नाही ठरवणाऱ्याचं, उत्तर चार दिवसांनी आलं: मुदत संपल्यावर नूतनीकरण होणार नाही, अपवाद नाही. आता माझ्या हातात कागद होता. अनेक घरमालक इथे थांबतात आणि भाडेकरूला हा कागद दाखवतात. अर्धं काम अजून बाकी असतं.

एका कंपनीचा एजंट सोडून अनेक कंपन्यांचं काम करणाऱ्या स्वतंत्र ब्रोकरकडे गेलो. त्याला एवढंच सांगितलं: सारखीच लायबिलिटी मर्यादा (दुसऱ्याला इजा झाली तर कंपनी भरेल ती रक्कम), सारखंच डिडक्टिबल (दाव्यातला आपण सोसायचा वाटा), जातीचं बंधन नको. तीन कोट, म्हणजे हप्त्याचे देकार, आले. काही कंपन्या जात विचारतच नाहीत. स्टेट फार्मचं तसं जाहीर धोरण आहे. काही कंपन्या चावल्याचा इतिहास विचारतात, जे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. सगळ्यात स्वस्त तोडीचं कोट माझ्या जुन्या हप्त्यापेक्षा वर्षाला दोनशे डॉलरच्या आसपास जास्त होतं. त्याला ‘अवाजवी बोजा’ म्हणून कोणासमोर उभं राहायला माझी जीभ वळली नसती. कोट दुप्पट-तिप्पट आलं असतं, किंवा कोणीच तयार नसतं, तर अंडररायटरचं उत्तर आणि ब्रोकरचे मेल हाच माझा बचाव ठरला असता. अवाजवी आणि वाजवी यांच्यामध्ये ठरलेला आकडा कायद्यात नाही. म्हणून प्रयत्नांचा कागद जपायचा.

जुनी पॉलिसी मध्येच सोडायची असेल तर नवी सुरू झाल्याची तारीख हातात आल्यावरच सोडा. घरावर कर्ज असेल आणि मध्ये फट पडली तर बँक स्वतः महागडा विमा लावून हप्ता तुमच्या माथी मारू शकते. रद्द करण्याचा दंड आहे का तेही विचारा.

टाउनहाउस घरमालकांच्या असोसिएशनमध्ये असेल तर मास्टर पॉलिसीचा, म्हणजे असोसिएशनच्या सामायिक विम्याचा, प्रश्न निघतो. असोसिएशनही याच कायद्याने बांधलेली असते. मायामी-डेड काउंटीत पिटबुलवर चक्क कायद्यानेच बंदी होती. तरी एका कॉन्डो असोसिएशनविरुद्धच्या खटल्यात २०१४ मध्ये संघीय न्यायालयाने म्हटलं की वाजवी सवलत द्यायची वेळ आली तर स्थानिक बंदी फेअर हाउसिंग कायद्याच्या आड येऊ शकत नाही. काउंटीच्या बंदीचं हे, तर असोसिएशनच्या ठरावाचं काय.

जात बाजूला, हा कुत्रा कसा आहे

नाकारायचं खरं कारण एकच भक्कम असतं: हा विशिष्ट कुत्रा धोकादायक आहे, आणि त्याला खऱ्या वर्तनाचा पुरावा आहे. ॲनिमल कंट्रोलची नोंद, चावल्याची तक्रार, शेजाऱ्यांची तारखेनिशी लेखी निवेदनं. ‘या जातीचे असेच असतात’ हा पुरावा नव्हे. व्हरमाँटच्या सर्वोच्च न्यायालयासमोर २०१७ मध्ये ज्येष्ठांच्या इमारतीतल्या एका कुत्रीचं प्रकरण आलं. तिची रहिवाशांवर आणि कर्मचाऱ्यांवर आक्रमक वागणूक सिद्ध होती, म्हणून मालकाच्या बाजूने निकाल लागला. भाडेकरूला आधाराच्या प्राण्याची गरज आहे हे मान्य होतं, तो प्राणी हाच असला पाहिजे हे नाही.

दुसऱ्या भाडेकरूची ॲलर्जीही कधी जड ठरते. आयोवात २०२० मध्ये असं झालं: तिथे ॲलर्जीवाली भाडेकरू आधीपासून राहत होती, आणि कुत्र्याला परवानगी देणं मालकालाच भोवलं. एकाच इमारतीत दोन घरं भाड्याने दिली असतील तर हो म्हणण्याआधी दुसऱ्या घराची माहिती तपासा.

आणि थोडा धीर: भाडेकरूचा कुत्रा चावला म्हणून बऱ्याच राज्यांत घरमालक आपोआप जबाबदार होत नाही. तो धोकादायक असल्याचं तुम्हाला माहीत होतं का आणि थांबवणं तुमच्या हातात होतं का, हे पाहिलं जातं. म्हणून तक्रार आली की फाइल करून दुर्लक्ष करणं ही सगळ्यात महागडी चूक.

पैसे

पेट डिपॉझिट नाही, पेट रेंट नाही, ‘प्राणी अर्ज फी’ नाही. नेहमीचं सिक्युरिटी डिपॉझिट मात्र आहे, आणि कुत्र्याने दार कुरतडलं किंवा कार्पेट खराब केलं तर त्याचा खर्च त्यातून किंवा वेगळा वसूल करता येतो. त्यासाठी कुत्रा येण्याआधीचे तारखेसह फोटो काढून ठेवा. मी दारांच्या खालच्या कडांचे काढले.

रेंटर्स इन्शुरन्स, म्हणजे भाडेकरूने स्वतः घ्यायचा विमा, सगळ्या भाडेकरूंना सक्तीचा असेल तर कुत्रावाल्या भाडेकरूलाही. फक्त कुत्र्यामुळे तिच्याकडून वेगळी पॉलिसी मागणं म्हणजे पेट डिपॉझिट मागच्या दाराने आणणं. त्या वाटेला जाऊ नका. वाढलेला हप्ताही भाड्यात घुसडू नका.

लेखी उत्तर

हो असेल तर पत्र छोटं ठेवा: विनंती मंजूर, प्राण्याचं वर्णन, फी नाही. मग सगळ्यांना लागू असलेले साधे नियम: विष्ठा उचलणं, सामायिक जागेत पट्टा, गावाचं लायसन्स, रेबीजची लस. ‘भुंकला तर चोवीस तासांत घर खाली’ असली कलमं घालू नका. ‘कुत्र्याला आवरा’ एवढं पुरतं.

नाही म्हणावं लागलं तर त्याआधी भाडेकरूशी बोला. दुसरा कुत्रा, दुसरं घर, विम्याची मुदत संपेपर्यंतची तात्पुरती सोय, असं काही जमतं का हे विचारल्याची नोंद हवी. नंतर कारण, पुरावा आणि पर्याय लिहून द्या. भाडेकरू हडकडे एका वर्षात आणि न्यायालयात दोन वर्षांत जाऊ शकते. राज्याच्या खात्याच्या मुदती वेगळ्या. लीज संपली तरी फाइल दोन वर्षांच्या आत फेकू नका. आणि तिने विनंती केली म्हणून पुढच्या महिन्यात भाडं वाढवलंत किंवा लीज नाकारलीत तर तो सूड समजला जाईल, मूळ प्रश्नात तुम्ही बरोबर असलात तरी.

आमचा कुत्रा आठव्या दिवशी आला. पहिल्या शनिवारी मी फर्नेसचा फिल्टर बदलायला गेलो, आधी चोवीस तास कळवून. तो दारात येऊन माझ्या बुटांचा वास घेत बसला आणि मी शिडीवर असेपर्यंत हलला नाही. नवीन पॉलिसीचं नूतनीकरण मार्चमध्ये आहे. कॅलेंडरवर जानेवारीतच खूण केली आहे, कारण कंपन्या एन्डॉर्समेंट नूतनीकरणाच्या पाकिटात गुपचूप बदलतात आणि ते पाकीट कोणी उघडत नाही.